नव्याण्णवांचा हिशेब

आज एका लहानशा गोष्टीपासून आरंभ करितो. आणि ती गोष्ट आमच्याच चुकीची आहे, हे आधीच सांगून ठेवितो.

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगरालगत जे पाडे आहेत, त्यांपैकी एका पाड्यावर दर रविवारी शब्बाथशाळा भरते. इमारत म्हणावी अशी तेथे काही नाही. कौलारू पडवी, चार चटया, एक फळा व पुस्तकांची एक पेटी, एवढाच संसार. मुलांची हजेरी नीट राहावी म्हणून आम्ही एक नियम केला होता की, वर्षातील चाळीस रविवार जे मूल हजर राहील त्यास बक्षीस मिळेल. नियम सर्वांस सारखा होता. त्यात जात पाहिली नव्हती, मुलगा-मुलगी पाहिले नव्हते, बाप मंडळीचा सभासद आहे की नुसता श्रोता आहे हेही पाहिले नव्हते. नियम करितेवेळी आपण न्यायाचे काम करीत आहो असेच आम्हांस वाटले.

पावसाळ्याच्या तोंडी बक्षीस-समारंभ झाला. नावे वाचली, मुले उठून पुढे आली, टाळ्या झाल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत नऊ वर्षांची एक मुलगी होती. तेविसावे स्तोत्र तिच्याइतके स्पष्ट म्हणणारे मूल त्या शाळेत दुसरे नव्हते. परंतु तिचे आईबाप दिवाळी झाली की उचल घेऊन भिवंडीकडील वीटभट्टीवर जातात व पहिल्या पावसाच्या सुमारास परततात. सात महिने ती मुलगी भट्टीवर धाकट्या भावास सांभाळते व ओल्या विटा उलटते. चाळीस रविवार तिने आणावे कोठून? समारंभ आटोपल्यावर तिची आई आमच्याजवळ आली. बक्षिसाविषयी ती अवाक्षर बोलली नाही. तिने विचारिले ते इतकेच: “गुरुजी, पुढल्या सालीही आम्ही भट्टीवरच. पोरीचं नाव ठेवणार, का काढणार?”

ह्या प्रश्नाने आमची त्या रात्रीची झोप गेली. सर्वांस सारखा असलेला नियम आम्ही केला, आणि ज्या मुलांस शाळेची अत्यंत गरज, नेमकी तीच त्या नियमाने वगळली गेली. हे कसे झाले? समता म्हणजे सर्वांस एकच माप लावणे, की ज्यास जे उणे आहे ते पाहून त्याप्रमाणे देणे? हा प्रश्न मोठ्या विद्वानांनी सोडवावा असा खरा. परंतु पाड्यावरील उपदेशकास व बायबलबाईस तो दर रविवारी हातात खडू घेऊन सोडवावा लागतो, म्हणून आम्ही त्याविषयी येथे लिहिण्याचे धाडस करितो.

मुलाला वगळणारे लोक बहुधा दुष्ट नसतात. ते हिशेबी असतात. त्यांचा हिशेब असा: एका मुलासाठी सगळ्या वर्गाचे नुकसान का करावे? हे मूल मंद आहे, ते धड्यास अडथळा करील. हे मूल अस्वच्छ आहे, बाकीच्यांचे पालक कुरकुर करतील. ह्या मुलास आपली भाषा समजत नाही, त्याच्यासाठी थांबलो तर अभ्यासक्रम पुरा होणार नाही. प्रत्येक वाक्यात एका पारड्यात एक मूल व दुसऱ्या पारड्यात पुष्कळ मुले असतात, आणि पुष्कळांचे पारडे जड होणारच. आम्ही ह्यास नव्याण्णवांचा हिशेब म्हणतो.

ह्या हिशेबाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातील आहे. सन १८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने २१ जुलै १८५६ रोजी ठराव केला. त्याचा आशय असा की, तत्त्वतः न्याय मुलाच्या बाजूचा आहे हे सरकार नाकारीत नाही. परंतु आजवर असा अर्ज करणारा हा एकटाच, आणि ह्या एकट्यासाठी त्यास इतर जातींच्या मुलांत बळेच बसविले तर शाळाच बहुजनांस निरुपयोगी होईल, अशी भीती आहे. मुलगा बाहेरच राहिला. पुढे हिंदुस्थान सरकारने ह्या निकालाविषयी नापसंती कळविली, व १८५८ साली विलायतेतील संचालक मंडळाने सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे स्पष्ट केले.

त्या ठरावातील विचारपद्धती नीट पाहिली पाहिजे. ‘हा एकटाच आला’ हे त्या मुलाविरुद्ध कारण म्हणून मांडिले आहे. वस्तुतः एकटाच आला हा त्याच्यामागे शेकडो मुले बाहेर उभी असल्याचा पुरावा होता! ज्या दारात शिरण्याची आशाच नाही तेथे गर्दी कशी होईल? आणि आमच्या चाळीस रविवारांच्या नियमाचे तरी काय? ‘भट्टीवरची मुले येतात तरी किती? दोन-तीन,’ असे आम्हीही म्हणालो होतो.

आता मत्तयकृत शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडा. हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत लूकाच्या पंधराव्या अध्यायातही आहे, व उपदेशात बहुधा तोच घेतला जातो. परंतु मत्तयाने तो ज्या प्रसंगी दिला आहे तिकडे आमच्या वाचकांचे लक्ष क्वचितच जाते. शिष्य विचारितात, स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण? प्रभू एका लेकरास बोलावितो व त्यास त्यांच्या मध्यभागी उभे करितो. तो त्यास दाराशी ठेवीत नाही, ओळीच्या शेवटीही नाही. मग तो लहानग्यांस तुच्छ मानू नका असे बजावितो, आणि त्याच बोलण्याच्या ओघात शंभरांपैकी एक चुकलेल्या मेंढराची गोष्ट सांगतो. म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानात तो दृष्टांत प्रथम लेकरांविषयी आहे. ज्याने नव्याण्णवांचा हिशेब ऐकला होता, त्याने दिलेले हे उत्तर आहे.

येथे एक शंका येते, व ती प्रामाणिक आहे. एका पाड्यावरच्या वृद्ध शेतकरी बंधूनेच ती आम्हांस विचारिली. तो स्वतः शेळ्या पाळतो. तो म्हणाला, एकीच्या मागे धावायचे तर बाकीच्या रानात कोणाच्या भरवशावर टाकायच्या? बिबट्या का नुसता एकीच्याच वाटेवर बसतो? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. एक शिक्षक, साठ मुले, आणि त्यांतील एकास अक्षर लागत नाही. तर गुरुजींनी एकोणसाठांस सोडावे काय?

आम्ही ह्याचा पुष्कळ विचार केला आहे. आम्हांस असे दिसते की, मेंढपाळ एका मेंढरास शोधावयास जातो तेव्हा त्याचा लाभ त्या एकट्यासच होतो असे नाही. बाकीच्या नव्याण्णवांस त्या दिवशी कळते की, उद्या मी चुकलो तर माझाही शोध होईल. ज्या कळपात शंभराव्यास सोडून देतात, त्या कळपातील नव्याण्णवावे आज सुखाने चरत असले तरी उद्या पाळी आपली आहे हे त्यास कोठेतरी ठाऊक असते. वर्गातील मुले ह्या बाबतीत मोठ्यांहून चतुर असतात. गुरुजी मागे पडलेल्याचे काय करितात, हे ती धड्यापेक्षा अधिक बारकाईने पाहतात. ‘ह्याला जाऊ द्या, आपण पुढे चलू,’ असे गुरुजी म्हणतात तेव्हा हुशार मुलास उतावळेपण व गर्व शिकविला जातो, मध्यम मुलास भय शिकविले जाते, आणि मागे पडलेल्यास आपण कोण हे शिकविले जाते. हे धडे मुले जन्मभर विसरत नाहीत. म्हणून एकाच्या विरुद्ध नव्याण्णव अशी मांडणीच आम्हांस चुकीची वाटते. सगळी एकाच पारड्यात आहेत.

दार उघडले म्हणजे काम झाले, असा एक समज आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. पुढे सर्व देशाने ओळखिले ते डॉक्टर भीमराव आंबेडकर ते हेच. धारवाडचा निकाल तोवर जुना झाला होता, दार उघडे होते. तथापि त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे की, त्यांस इतर मुलांपासून वेगळे, घरून आणिलेल्या गोणपाटावर बसावे लागे. आणि तहान लागली तर नळास हात लावण्याची मनाई, शिपायाने पाणी दिले तरच पिणे, शिपाई नसला तर तहानलेले राहणे. हजेरीपटावर नाव आहे, आणि मूल तहानलेले आहे! महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळितात, ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी प्रवेशाबरोबर गोणपाटाचीही आठवण व्हावी.

आमच्या मंडळ्यांत असे गोणपाट नाही, असे आम्हांस म्हणता आले असते तर बरे झाले असते. आम्ही अनेक ठिकाणी नाताळाच्या पंगती पाहिल्या आहेत. कोण कोठे बसतो हे कोणी सांगत नाही, तरी सर्वांस ठाऊक असते. मुलांच्या नाटकात मरिया कोण होते व मेंढरू कोण होते, हेही एकदा मोजून पाहावे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्यास चांगली जागा व दरिद्र्यास पायांजवळची जागा देणाऱ्या सभेची कानउघाडणी आहे. ते पत्र परराष्ट्रीयांस लिहिले नव्हते, मंडळीलाच लिहिले होते.

ह्या बाबतीत आमच्या वडिलांनी केलेले चांगले काम विसरू नये, व फुगवूनही सांगू नये. मिशनच्या शाळांतूनही हलक्या मानलेल्या जातीचे मूल घेताच बाकीची मुले उठून गेली असे प्रसंग आले, आणि काही वेळा मिशनरी डगमगले, काही वेळा टिकले. सिंथिया फेरारबाई १८३९ साली अहमदनगरास आल्या व १८६२ साली तेथेच वारल्या. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून आपणांस स्फूर्ती झाली, असे जोतीराव फुल्यांनी म्हटल्याचे ‘ज्ञानोदय’ पत्राच्या १५ सप्टेंबर १८५३ च्या अंकात आले आहे. जोतीरावांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात महारमांगांच्या मुलांसाठी शाळा काढिली. तिच्यात शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो १८५५ साली त्याच ‘ज्ञानोदया’त छापून आला. ज्या मुलीस पाटीस हात लावण्याची मनाई होती, तिने पाटी हाती येऊन थोडीच वर्षे झाली असता विद्वानांस प्रश्न विचारावे, हे पाहून आज कोणास आश्चर्य वाटत असेल तर आम्हांस त्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटते. तिच्याजवळ विचारावयाचे प्रश्न आधीच होते.

परंतु दार उघडून, मध्यभागी चटई टाकूनही जे मूल येतच नाही, त्याचे काय? येथे आमच्या पालघर जिल्ह्याने (१ ऑगस्ट २०१४ पूर्वी तो ठाणे जिल्ह्याचा भाग होता) सर्व देशास धडा घालून दिला आहे, आणि आमच्याच लोकांस तो पुरता ठाऊक नाही. डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी नावाचे गाव आहे. तेथे १९४५ साली ताराबाई मोडकांनी गावच्या लहान मुलांसाठी काम सुरू केले. त्याच वर्षी बालपणीच विधवा झालेल्या व पुढे कष्टाने शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. ताराबाईंनी पूर्वी भावनगरास गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते, आणि माँटेसोरीबाईंची बालशिक्षणपद्धती त्यांस चांगली अवगत होती. परंतु ती पद्धती शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांस परवडणारी. तिचे साहित्य महाग. खेड्यात ते आणावे कोठून? मग शिंपले, गोटे, बिया, पाने, काटक्या हेच साहित्य झाले.

बालवाडी उघडली, तरी हरिजन वस्तीतील मुले तेथे येईनात. त्यांचे आईबाप आळशी म्हणून येत नव्हती असे नव्हे. शतकानुशतके ज्यांस ‘दूर हो’ असेच ऐकावे लागले, त्यांस एका दिवसात ‘ये’ हा शब्द खरा कसा वाटावा? तेव्हा बायांनी विचार केला की, मूल शाळेत येत नाही तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. त्या वस्तीत जाऊन त्यांनी मुलांस न्हाऊ घातले, केस विंचरले, गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने बालविकासाची योजना सुरू केली तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज कोणत्याही प्रांतात अंगणवाडी म्हणतात. तो शब्द आमच्या किनाऱ्यावरच्या एका वस्तीत, न येणाऱ्या मुलांपायी जन्मास आला.

पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या मुलखात गेले. हे लोक कोण होते ते ध्यानात आणावे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतले की नवराबायको दोघेही त्याचे लग्नगडी होऊन राबत, आणि वेठ तर सर्वांसच होती. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या पुढारीपणाखाली वारली उठले ते ह्याच जुलमाविरुद्ध. अशा घरचे सात-आठ वर्षांचे मूल म्हणजे घरातील एक कामकरी माणूस. ते गुरे राखावयास जाणार. त्याने शाळेत यावे म्हणून उपदेश करणे सोपे होते. कोसबाडच्या बायांनी उपदेश केला नाही. त्या गुरांमागे कुरणात गेल्या, व झाडाखाली शाळा भरविली. गुरे चरत आहेत आणि राखणारी मुले अक्षरे गिरवीत आहेत. तिचे नावच कुरणशाळा. वडील मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते म्हणून ती येत नाही असे दिसले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी जोडून विकासवाडी केली.

ताराबाई व अनुताई आमच्या धर्माच्या नव्हत्या. परंतु मेंढपाळ बाहेर पडला व डोंगरात गेला, ह्या दृष्टांताचा इतका अक्षरशः केलेला अर्थ आम्ही दुसरीकडे पाहिला नाही. आम्ही तो दृष्टांत वर्षातून तीनदा सांगतो, व घंटा वाजवून पडवीत वाट पाहत बसतो.

आणि डहाणूपर्यंत जाण्याचेही कारण नाही. वसई तालुक्यातील उसगाव येथे विधायक संसद ही संस्था आहे. वेठबिगारीतून मजुरांस सोडविण्याच्या कामासाठी ह्या भागात तिचे नाव सर्वांस ठाऊक आहे. तिच्या लोकांनी वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी शाळा भरविल्या. भट्टीवर मजूर ज्या तात्पुरत्या खोपटात राहतात त्यास भोंगा म्हणतात. म्हणून ती भोंगाशाळा. आमची ती नऊ वर्षांची मुलगी ज्या अडचणीमुळे आमच्या हजेरीपटावरून गळाली, तीच अडचण ओळखून आमच्या शेजाऱ्यांनी तिजवर उपाय केला होता. आणि आम्ही मात्र चाळीस रविवार मोजीत बसलो होतो.

भाषेविषयी थोडे लिहिले पाहिजे. वसई-विरारच्या एकाच शाळेत घरी कादोडी बोलणारी मुले, वाडवळी बोलणारी मुले, कोळ्यांची मुले, पाड्यावरची वारली मुले, आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतून येणारी हिंदी, भोजपुरी व गुजराती बोलणारी मुले एकत्र असतात. घरची बोली तोंडातून निघाली आणि वर्ग हसला, ह्याची आठवण सत्तरीच्या माणसासही डोळे खाली घालावयास लाविते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीपुढे हाच प्रश्न आला. हेल्लेणी विधवांची रोजच्या वाटणीत हयगय होऊ लागली. प्रेषितांनी काय केले? त्यांनी सात पुरुष निवडविले, आणि त्या सातांची नावे पाहावी. सर्व हेल्लेणी वळणाची आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांची भाषा जाणणाऱ्यांच्याच हाती वाटणी दिली. पाड्यावरच्या शब्बाथशाळेत वारली बोलणारी एखादी मोठी मुलगी गोष्ट सांगावयास उभी करावी, इतके तर आमच्या हाती आहे. ती मराठी अशुद्ध बोलेल. बोलू द्यावी.

आता कायद्याकडे वळतो. हा भाग कडू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे असा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या इयत्तेतील किमान २५ टक्के जागा दुर्बळ व वंचित घटकांतील मुलांस द्याव्या असे ठरविले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २०१२ रोजी विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांस, व ६ मे २०१४ रोजी सर्वच अल्पसंख्याक शाळांस ह्या कायद्यातून वगळिले. अल्पसंख्याकांच्या संस्था त्यांच्या हाती राहाव्या हे घटनेने दिलेले अभिवचन आहे, व आम्ही त्याचे मोल जाणतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी २०१४ च्या निकालाविषयी शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठविला. तो वाद वकिलांनी लढवावा.

आमचे म्हणणे निराळे आहे. वधस्तंभाचे चिन्ह दारावर असलेल्या शाळा, मग त्या कोणत्याही पंथाच्या असोत, ह्या कायद्यातून सुटल्या. गरिबाचे मूल घेण्याची सक्ती ज्यांच्यावर नाही, त्यांत आम्ही आहो! जे काम कायद्याच्या कितीतरी आधी आमच्या प्रभूने आमच्यावर सोपविले, त्यातून कायद्याने आम्हांस सूट दिली, आणि ती सूट मिळाली म्हणून काही ठिकाणी समाधानाचा निःश्वास टाकिला गेला. सूट घेणे गुन्हा नाही. पण पाड्यावरचा उपदेशक जेव्हा मजुराच्या बायकोस सांगतो की देवाच्या घरी पक्षपात नाही, आणि ती दुसऱ्या दिवशी पोराचा हात धरून मोठ्या फाटकाशी जाते व फीचा आकडा ऐकून परत येते, तेव्हा तिने कोणाचे खरे मानावे? आमच्या शाळा चालविणाऱ्या बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, कायदा लागू नसताही काही जागा ह्या मुलांसाठी आपण होऊन राखाव्या, आणि तसे उघडपणे फलकावर लिहावे. काही शाळा हे गुपचूप करितात, असे आम्ही जाणतो. परंतु गरिबास गुपचूप उघडलेले दार दिसत नाही.

एका बाकावर बसविले म्हणजे समता, असेही आम्ही मानीत नाही. ज्यास ऐकू येत नाही ते मूल फळ्यासमोर बसविले, पण गुरुजी पाठ फिरवून बोलले, तर त्याचे बसणे व न बसणे सारखेच. केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आलेल्या मुलींपैकी अंध मुलींसाठी निराळे सदन काढिले, त्यांस बोटांनी वाचावयास व हाताने काम करावयास शिकविले. निराळेपणा तेथे होता, परंतु तो अधिक देण्यासाठी होता. गोणपाटाचा निराळेपणा कमी देण्यासाठी होता. दोहोंतील भेद मुलास तत्काळ कळतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ह्या मुलांस इतर मुलांसमवेत शिकण्याचा हक्क दिला आहे, तो कागदावरून वर्गात आणणे शिक्षकाच्या एकट्याच्या बळाचे नाही, हे आम्ही कबूल करितो. साठ मुलांच्या गुरुजींस आणखी एक मदतनीस न देता केवळ बोधवचने देणे हाही एक प्रकारचा अन्यायच होय. मेंढपाळ डोंगरात गेला तेव्हा नव्याण्णवांजवळ कोणी राहिले होते की नाही, हे दृष्टांतात सांगितलेले नाही. आमच्या मंडळ्यांत मात्र राहणारे पुष्कळ आहेत. निवृत्त शिक्षक आहेत, दहावी झालेल्या मुली आहेत, दुपारी मोकळ्या असणाऱ्या आज्या आहेत.

त्या मुलीच्या नावाचे पुढे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आमच्या पंचांची सभा झाली. एका वडील बंधूने नियम बदलण्यास विरोध केला. तो म्हणाला, जी मुले चिखलपाण्यातून चाळीस रविवार आली, त्यांच्या नेमाची किंमत नाही काय? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुष्कळ वेळ बोलणे झाले, एकमत झाले नाही. शेवटी असे ठरले की हजेरीचे बक्षीस राहू द्यावे, पण भट्टीवर जाणाऱ्या मुलांची नावे पटावर कायम ठेवावी, प्रत्येकाबरोबर एक वही व चित्रांचे पुस्तक द्यावे, आणि महिन्यातून दोन रविवारी आमच्यापैकी कोणीतरी भट्टीवर जावे. तेथे भरलेला रविवार हा हजेरीचाच रविवार धरावा. वडील बंधू म्हणाला, पाहू किती दिवस चालते ते.

दिवाळीनंतर तिसऱ्या रविवारी आम्ही गेलो. भट्टीच्या मालकाने चिखलाच्या खाचरापलीकडे आंब्याखाली बसण्यास परवानगी दिली. अट एवढीच की काम थांबता कामा नये. ती मुलगी भावास कडेवर घेऊन आली, आणि तिने आधीच इतरांस सांगून ठेविले होते. सात मुले जमली. त्यांपैकी चौघांची नावे आमच्या पटावर नव्हतीच. ती कोठल्याही शाळेच्या पटावर नव्हती. वही तीनच होत्या. वडील बंधू आमच्याबरोबर आला होता, त्याने आपल्या पिशवीतून मंडळीच्या हिशेबाची कोरी वही काढिली व तिची पाने सोडवावयास बसला.